पांढरीच्या शेतातला सरवा

एका बाईवर आलेला आळ खोटा आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. ज्या चुकीसाठी तिला दोष दिला गेला, ती चूक माझी होती. मी हे यंदापर्यंत कुणाला सांगितले नाही... पत्नीलाही नाही. तारुण्यात भीतीने गप्प राहिलो, आणि पुढे इतका काळ गप्प राहिलो होतो याच्या लाजेने.

या सदरात लिहिणारे बहुतेक जण आरंभीच सांगतात की त्यांचा अशा गोष्टींवर विश्वास नव्हता. माझाही नव्हता. मी नांदुऱ्याच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. मुलांनी भुताखेतांचे काही विचारले की मी हसतो आणि फळ्याकडे वळतो. जे घडले ते मी आता लिहितो आहे, आणि वाचकांनी त्याचे काय करायचे ते त्यांनीच ठरवावे. माझे ठरलेले नाही.

माझे मूळ गाव संग्रामपूर तालुक्यात, वरवट बकालपासून थोडे आत. उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ, दक्षिणेला पूर्णा, आणि मध्ये उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडणारी काळी जमीन. माझा बालमित्र दिगंबर आणि त्याचे थोरले बंधू नानाभाऊ यांचे शेत तिथे नाल्याच्या अंगाला आहे. सारे शेत काळे. पण मधोमध एक बुटके टेकाड आहे, त्याची माती राखाडी-पांढरी. अशा जागेला आमच्याकडे पांढरी म्हणतात. जिथे पूर्वी कधी तरी वस्ती होती, चुली पेटल्या, भिंती उभ्या राहिल्या आणि कोसळल्या, तिथली माती राख-शेण मुरून अशी होते. धाब्याच्या, म्हणजे सपाट मातीच्या छपराच्या, घरांवर अंथरायला ही माती उत्तम, कारण ती पाणी खाली उतरू देत नाही. म्हणून पूर्वी दर उन्हाळ्यात लोक तिथून गाड्या भरून नेत.

दिगंबरच्या घरात त्याची एक रीत होती. कुदळ लावण्याआधी घरच्या सुनेने पांढरीवर पाणी शिंपडायचे, हळदकुंकू वाहायचे आणि पहिले टोपले स्वतःच्या हाताने भरायचे. तोवर कुणीही माती उकरायची नाही. ‘‘खाली कोन निजलं हाय आपल्याले काय मालूम? त्याले आंधी सांगा लागते,’’ असे दिगंबरची आई म्हणत असे. तिला सारे गाव मोठी माय म्हणायचे.

मी तेव्हा कॉलेजात होतो. सुटीत गावी आलो होतो, आणि दिगंबरच्या घरच्यांबरोबर मातीच्या गाडीवर बसून शेतात गेलो. नानाभाऊंचे लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. सुमनवहिनींना दिवस गेले होते. पाचवा महिना असावा. शेतात पोहोचल्यावर ऊन फार झाले म्हणून आधी भाकरी खाऊन घेऊ, मग पूजा, असे ठरले. सगळे बाभळीखाली बसले. मी मात्र ‘जरा जाऊन येतो’ म्हणून उठलो आणि टेकाडाच्या दक्षिण पायथ्याशी गेलो. सकाळीच तिथे मातीतून डोकावणारा एका गाडग्याचा काठ मला दिसला होता.

गाडग्यात काय असते हे आमच्या गावात लहान पोरही सांगते — मोहरा. मी रीत मोडतो आहे हे मला पक्के ठाऊक होते. आणि शिकलेल्या माणसाने असल्या रीती मोडायच्याच असतात, असेही मला त्या वयात वाटत होते. गाडग्याच्या गळ्याभोवती अंगठ्याने दाबलेल्या खुणांची माळ होती. त्यांतल्या एका खुणेत मी माझा अंगठा ठेवून पाहिला; तो मावला नाही. ज्या हाताने ते घडवले, त्याचा अंगठा माझ्याहून लहान होता. मग मी मातीसाठी आणून ठेवलेली कुदळ मारली.

आत मऊ माती होती, आणि मातीत हाडे... इतकी बारीक, की आधी मला ती एखाद्या पाखराची वाटली. मग तांदळाएवढे दात दिसले. काही लोक फार पूर्वी आपली मेलेली तान्ही मुले अशी गाडग्यात ठेवून घराच्या जमिनीखाली पुरत, हे मी पुढे वाचले. त्या क्षणी एवढेच कळले की हे कुणाचे तरी लेकरू आहे. मी हातांनी माती लोटली, वर पायाने दाबली, नाल्यात हात धुतले आणि परत येऊन भाकरीपुढे बसलो. वहिनींनी माझ्या पानात आणखी ठेचा वाढला.

जेवणानंतर वहिनींनी पूजा केली. पहिल्या टोपल्यासाठी माती भुसभुशीत कुठे आहे ते पाहत त्या नेमक्या तिथेच गेल्या, कारण मीच ती भुसभुशीत केली होती. त्यांच्या पहिल्याच घावासरशी खापऱ्या वर आल्या, आणि त्यांच्याबरोबर ते बाकीचे.

मोठ्या मायने फोडलेली किंकाळी मला अजून ऐकू येते. ‘‘माय व! लेकराचं घर फोडलं हिनं!’’ वहिनी गाडग्याच्या गळ्याचा तुकडा हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मी काही बोललो नाही. नानाभाऊंनी हाडे आणि खापऱ्या एका धडप्यात बांधून त्याच संध्याकाळी पूर्णेत सोडल्या. काही दिवसांनी वहिनींचे मूल पोटातच गेले. असे कितीतरी बायकांचे होते, आणि त्यामागे कारणे असतात, हे मला आज समजते. पण त्या घरात कारण एकच होते.

पुढे त्यांना एक मुलगी झाली, रेखा. तरीही आळ गेला नाही. पांढरीची पूजा त्यांच्याकडून काढून घेतली गेली. गावात कुणाची ओटी भरायची असली की वहिनींना बोलावणे येत नसे. आणि आले तरी त्या जात नसत. मोठी माय गेली, धाब्यांच्या जागी स्लॅब आले, पांढरीची माती न्यायचे लोकांनी सोडून दिले. वहिनींनी त्या शेतात पुन्हा पाऊल ठेवले नाही. मी वर्षातून दोनचार वेळा त्या घरी जात असे, त्यांच्या हातचा चहा पीत असे आणि शेवटच्या बसने परत येत असे.

यंदा हरभरा निघाल्यानंतर दिगंबरचा फोन आला.

‘‘मास्तर, कुठी हायस बे?’’

‘‘शाळेत. पेपर तपासतो आहे.’’

‘‘थे राहू दे. पोट्टे पास होतेच. आइक, मलकापूरचा एक जन मशीन घेऊन येऊन राह्यला रईवारी. जमिनीत धातू असला का कुईकुई करते म्हने. पांढरीवर फिरवतो म्हनला.’’

‘‘तुझ्या नांगराचा तुटलेला फाळ सापडेल तिला.’’

‘‘मंग भंगारात इकू! तुह्यं काय जाते?’’

मी त्याला समजावून सांगितले की ती जुन्या वस्तीची जागा असेल तर तिथे असे यंत्र फिरवून खड्डे करणे बरे नाही. कायद्यातही बसत नाही. मी शनिवारी येतो, आधी वरवर पाहणी करतो. वस्तीच्या खुणा निघाल्या तर पुरातत्त्व कार्यालयाला कळवू आणि मशीनवाल्याला नाही म्हणू. काहीच नसेल, तर मग तू आणि तुझी मशीन.

‘‘बरं ये,’’ तो म्हणाला. ‘‘रेखाबी आलेली हाय. सातवा लागला तिले. बुधवारी ओटी हाय. लय सालानं गोड बातमी हाय बापा घरात.’’

फोन ठेवल्यावर मी स्वतःची पाठ थोपटली... एका प्राचीन स्थळाचे रक्षण करतो आहे म्हणून. आज प्रामाणिकपणे लिहायचे, तर मला त्या जागेवर पुन्हा कुदळ नको होती, एवढेच.

शनिवारी सकाळी त्यांच्याकडे पोहोचलो तेव्हा ओसरीवर मायलेकींची जुंपली होती.

‘‘काका, तुमीच सांगा माह्या मायले,’’ रेखा मला पाहताच म्हणाली. ‘‘साऱ्या गावच्या बाया माही ओटी भरतीन, अन् हे आतल्या खोलीत जाऊन बसीन म्हन्ते!’’

‘‘तू चूप राह्य व,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘तुही काकू भरीन. ओटी भराले हात चांगला लागते.’’

‘‘अन् तुह्या हाताले काय झालं? याच हातानं मले न्हाऊ घातलं ना?’’

 वहिनींनी माझ्यापुढे कप ठेवत विचारले, ‘‘साखर कमी तं नाई झाली भाऊजी?’’

साखर बरोबर होती. मी चहा संपवला आणि शेताकडे निघालो.

सोबत सुतळी, लाकडी खुंट्या, चुन्याची पिशवी आणि एक घमेले घेतले होते. पाहणीची पद्धत साधी असते. बांधापासून बांधापर्यंत सुतळ्या ताणून शेताचे पट्टे पाडायचे, एकेका पट्ट्यातून खाली पाहत सावकाश चालायचे, आणि खापऱ्या, मणी, विटांचे तुकडे जे काही दिसेल ते उचलायचे. जिथे दाटी असेल तिथे चुन्याची खूण करायची. काळ्या भागात काहीच नव्हते. टेकाडाजवळ जाताच लाल, काळ्या खापऱ्या दिसू लागल्या. शंखाच्या बांगडीचा एक तुकडा मिळाला, भाजलेल्या मातीचा एक मणी मिळाला. इथे माणसे राहत होती याबद्दल शंका उरली नाही.

दक्षिण पायथ्याशी मात्र मी सुतळी बांधलीच नाही. ‘‘तिकडे काही नसणार,’’ असे मी म्हणालो — एकटाच असताना, आणि मोठ्याने.

मी टेकाडाच्या अलीकडच्या पट्ट्यात होतो तेव्हा पलीकडे एक बाई दिसली. डोक्यावर पदर, मातकट रंगाचे लुगडे, कमरेत वाकलेली. ओटीत काहीतरी वेचून टाकत होती. सकाळची वेळ होती, ऊन अजून तापायचे होते, आणि मला तिचे काहीही वावगे वाटले नाही. पीक निघाल्यावर शेतात राहिलेले हरभऱ्याचे घाटे, कणसे, बोंडे वेचायला गरीब बायका येतात. त्याला सरवा म्हणतात. सरवा वेचणाऱ्या बाईला शेताचा मालकही ‘तू कोण’ म्हणून विचारत नाही. जे राहिले ते तिचे, असा आमच्याकडचा संकेत आहे. मीही विचारले नाही.

‘‘भेटून राह्यले का बाई घाटे?’’ मी एवढेच म्हणालो. गावाच्या मातीत पाय पडले की माझीही भाषा बदलते.

तिने नुसते ‘हूं’ केले.

त्यानंतर बराच वेळ आम्ही दोघे चालत राहिलो... मी माझ्या पट्ट्यात, ती तिच्या. मी थांबलो की ती थांबे. मी वाकलो की तीही वाकलेली असे. कुणी असे निमूटपणे बरोबर काम करत असले की एकटेपणा जातो, तसे वाटत होते. भीती वाटली का, असे मला पुढे अनेकांनी विचारले. नाही वाटली. उलट मन इतके शांत होते की मला त्याचेच थोडे नवल वाटले. एक गोष्ट मात्र नंतर ध्यानात आली. माझ्या पायांखाली ढेकळे फुटत होती, त्यांचा आवाज येत होता. तिच्या पायांचा नव्हता.

मी एका खापरीवरची माती फुंकत उकिडवा बसलो होतो तेव्हा ती जवळ आली. दक्षिण पायथ्याच्या बाजूने आली. मी वर पाहिले तर सूर्य तिच्या मागे होता, म्हणून चेहरा दिसला नाही. तिने ओटी सोडली आणि माझ्या घमेल्यात खापऱ्या ओतल्या. चांगल्या मोठ्या, जाड, तांबूस खापऱ्या... घमेले जवळजवळ भरले. मला आनंदच झाला.

‘‘अरे वा! बाई, तुम्ही हेच वेचत होता की काय?’’

‘‘सारं वेचलं भाऊ,’’ ती म्हणाली. ‘‘आता काई राह्यलं नाई.’’

आवाज तरुण होता. तिच्या पदराच्या टोकाला एक गाठ मारलेली होती, मूठभर काहीतरी बांधलेली. ती गाठ मात्र तिने सोडली नाही. एका हाताने गाठ छातीशी धरून ती नाल्याच्या दिशेने निघाली. तिची चाल मला आठवते... सावकाश, पण दिवसभराचे काम आटोपून घरी निघालेल्या बाईची. मी घमेल्यात पाहिले, पुन्हा वर पाहिले, तेव्हा ती दिसली नाही; नाल्यात उतरून गेली असावी. असेच मी धरून चाललो.

थोड्या वेळाने दिगंबर मोटारसायकलवर मला न्यायला आला.

‘‘भरलं व्हय घमेलं! एकट्यानं येचलं?’’

‘‘सरवा वेचणाऱ्या एका बाईने मदत केली. आताच नाल्याकडे गेली. तुला रस्त्यात भेटली असेल.’’

‘‘मले कोनी नाई भेटलं. अन् कायचा सरवा?’’ तो माझ्याकडे रोखून पाहत म्हणाला. ‘‘हरभरा निघाल्यावर मेंढ्या बसल्या होत्या अठी. पाह्य ना डोळे उघडून. घाटा तं सोड, काडी ठेवली काय मेंढ्यांनी?’’

मी पाहिले. खरेच, शेत पुसून काढल्यासारखे स्वच्छ होते. तिथे वेचण्यासारखे काही नव्हते.

‘‘ऊन लागलं तुले मास्तर,’’ दिगंबर म्हणाला. ‘‘टोपी घालत जाय. हाये त्या केसाईले तरी जप.’’

दुपारी जेवणे झाल्यावर अंगणात लिंबाच्या सावलीत मी खापऱ्या धुवायला बसलो. नानाभाऊ बाजेवर पडले होते, दिगंबर सुपारी कातरत होता. त्या बाईने दिलेल्या खापऱ्या मी वेगळ्या ठेवल्या होत्या. त्या परातीत धुतल्या आणि गढूळ पाणी ओतून दिले. तळाशी बारीक, चमकदार वाळू राहिली. मी ती चिमटीत घेऊन पाहिली. भूगोलाच्या शिक्षकाला एवढे कळते की आमच्या काळ्या चिकणमातीत आणि पांढरीच्या राखट मातीत अशी वाळू नसते. ती नदीची होती.

रेखाला तेवढ्यात एक खेळ सापडला होता. ज्वारीने भरलेली दुसरी परात घेऊन ती त्या खापऱ्या दाण्यांत रोवून एकमेकींना जुळवत होती. ‘‘काका, हे पाहा, बसली! हेबी बसली!’’ खापरीला खापरी चपखल बसत होती. तळ उभा राहिला, मग पोट. मी आयुष्यभर शेतांत खापऱ्या पाहिल्या आहेत. नांगरटीने फुटून विखुरलेल्या एका भांड्याचे चार तुकडे जुळले तरी नशीब समजायचे. इथे एकही तुकडा वाया जात नव्हता.

वहिनी आतून पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि परात पाहताच जवळजवळ ओरडल्या, ‘‘अवो, पोटुशी बाई ना तू! ठेव थे खाली! पांढरीतल्या गाडग्याले हात लावते काय?’’

‘‘काऊन व माय? खापरच तं हाय!’’

वहिनींनी तिच्या हातातला तुकडा हिसकावून घेतला. तो गळ्याचा होता. त्यावर अंगठ्याच्या खुणांची माळ होती. त्यांची बोटे त्या खुणांवरून एकदा फिरली आणि थांबली. मी ते पाहिले, आणि तुकडा ओळखायला मला बोटे लावावी लागली नाहीत.

‘‘हे थेच गाडगं हाय,’’ त्या हळू म्हणाल्या.

‘‘कोनतं?’’ दिगंबरने विचारले.

‘‘मी फोडलेलं.’’

नानाभाऊ बाजेवर उठून बसले. ‘‘काहीच्या काही बोलू नको,’’ ते म्हणाले. ‘‘थे मी माह्या हातानं पूर्णेत सोडलं. कमरेइतल्या पान्यात जाऊन.’’

 वहिनींनी तो तुकडा खाली वाकून परातीत त्याच्या जागी ठेवला. तो बसला. गाडगे पूर्ण झाले — पोटावरच्या एका भेगाळलेल्या खड्ड्यासकट, जिथून सगळ्या चिरा फुटल्या होत्या. मग त्या रेखाकडे न पाहता म्हणाल्या, ‘‘थे माह्या मागंच येऊन राह्यलं. म्हनून सांगत होती तुले... बुधवारी मी घरात नाई राहत. मी माहेरी जातो.’’ आणि आत जायला वळल्या.

त्या उंबरा ओलांडून आत गेल्या असत्या, तर मी पुन्हा गप्प राहिलो असतो. स्वतःबद्दल एवढी माहिती मला आता आहे. पण मला त्या घमेल्यातल्या खापऱ्या आठवल्या, आणि त्या ओतणारीचे शब्द. सारे वेचून झाले होते. राहिले होते ते फक्त माझ्यापाशी. मी त्यांना हाक मारली आणि बोललो.

काय बोललो ते शेवटी लिहितो. ते लिहायला अजूनही हात जड होतो. आधी त्यानंतरचे सांगतो.

 वहिनींनी दारातूनच विचारले, ‘‘म्हंजे... मी नव्हतं फोडलं?’’ आणि पुन्हा एकदा, स्वतःलाच, ‘‘मी नव्हतं फोडलं.’’ नंतर त्या माझ्याकडे वळल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते आणि रागही होता. तो असायलाच हवा होता. ‘‘भाऊजी, इतके साल तुमी माह्या हातचा चहा कसा पेत होते हो?’’

 

नानाभाऊ बाजेवरून उतरले आणि उंबऱ्यावर वहिनींच्या पायाशी येऊन बसले.  त्या घरात मी त्यांना असे बसलेले कधी पाहिले नव्हते. रेखाने आईला मिठी मारली तेव्हा वहिनी रडल्या, आणि रडता रडता, ‘‘पोटावर दाब नको आनू, येडे,’’ असेही म्हणाल्या.

दिगंबर मला बसपर्यंत सोडायला आला.  बस दिसल्यावर म्हणाला, ‘‘त्या मशीनवाल्याले नाई म्हनून सांगतलं.’’ आणि मी पायरीवर पाय ठेवल्यावर, ‘‘बुधवारी येजो. नाई आला तं नांदुऱ्याले येऊन हानीन तुले, शाळेत, पोट्ट्याईसमोर.’’

बुधवारी मी गेलो. रेखाची पहिली ओटी वहिनींनी भरली. गावच्या बायका आधीच जमल्या होत्या. त्यांच्या कानांवर सारे गेलेले होते, हे त्यांनी माझ्याकडे पाहिले त्यावरूनच कळले. मी मांडवाबाहेर उभा होतो. तांदळाची ओंजळ रेखाच्या पदरात पडली तेव्हा माझ्या छातीवरून कुणी तरी हात काढून घेतल्यासारखे झाले. इतकी वर्षे तो हात तिथे होता हे मला तेव्हा कळले. थोड्या वेळाने वहिनींचा आवाज आला, ‘‘भाऊजी, तठी काऊन उभे? आत या, पानं वाढली.’’ आवाजात गोडवा नव्हता. पण बोलावणे होते. मी पोटभर जेवलो.

पाहणीचा अहवाल फोटोंसह आम्ही पुरातत्त्व कार्यालयाला दिला. त्यांची माणसे येऊन गेली. टेकाड तसेच राखायला सांगितले आणि बाकीच्या खापऱ्यांबरोबर ते गाडगेही रीतसर घेऊन गेली. वाळूचे मी त्यांना विचारले. ‘‘नदीवर धुतल्या असतील कुणी,’’ असे ते म्हणाले.

मी पुष्कळ विचार केला आहे. तशी गाडगी अनेक असतील, आणि हे दुसरेच असेल. नानाभाऊंनी ते खरे तर बांधावर टाकले असेल — पण ते नाही म्हणतात, आणि ते खोटे बोलणारे गृहस्थ नाहीत. ती बाई शेजारच्या गावची असेल. आम्ही आजूबाजूला चौकशी केली. त्या दिवशी तिकडे कुणी गेले नव्हते, आणि उघड्या शेतात सरव्याला जाईलच कोण? प्रत्येक शंकेला एक उत्तर देता येते, पण ती सगळी उत्तरे एकत्र ठेवली की जुळत नाहीत. पदराच्या गाठीत काय होते, याबद्दल मी अंदाज करत नाही. तिला तिचे मिळाले असावे, एवढीच माझी इच्छा आहे. मला झोप चांगली लागते आता.

राहिले ते माझे बोलणे. वहिनी उंबऱ्याशी पोहोचल्या होत्या, नानाभाऊ, दिगंबर, रेखा सगळे समोर होते, आणि मी लिंबाखाली ओल्या हातांनी उभा राहिलो होतो. शाळेतली भाषा त्या वेळी तोंडात आलीच नाही.

‘‘वहिनी, थांबा. थे गाडगं तुमी नाई फोडलं. तुमी सारे बाभळीखाली भाकर खात होते, तवा मी फोडलं, मोहरा असतीन म्हनून. आतलं लेकरू पाह्यलं, वरून माती लोटली, अन् येऊन तुमच्या बाजूनं जेवाले बसलो. मोठी माय तुमाले बोलली तवा मी तिथंच होतो. तुमचं लेकरू गेलं तवाबी मी गावातच होतो. एक शब्द नाई बोललो. तुमच्या हाताले कवाच दोष नव्हता, वहिनी. दोष माह्या तोंडाचा होता, थे उघडलं नाई. मी त्या लेकराचा गुन्हेगार हाय, अन् तुमचा त्याहून जास्त. मले माफ करा.’’